नंबर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

सध्या सोलापुरातल्या छोट्या-मध्यम कारखानदाराच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं हमखास येतात. एक जण म्हणतो तुमची जुनी लँडलाइन आणि इंटरकॉम काढून टाका, सगळं क्लाउडवर घ्या, इंटरनेटवरून फोन चालेल. दुसरा म्हणतो वेबसाइट आता एआयवर एका दिवसात होते, जुनी फेकून द्या. मालक दोघांनाही एकच विचारतो, "कितीला पडेल?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. आधी विचारायचं की नंबर कुणाच्या नावावर राहणार, आणि वेबसाइटचं नाव म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर राहणार. हे दोन मालकाच्या नावावर असतील तर बाकीचं सगळं भाड्याचं चालतं, स्वस्तातलं चालतं, वर्षानं बदललं तरी चालतं. आणि हे दोन नसतील तर कितीही भारी टूल घ्या, धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मी नेटवर्किंग, इंटरकॉम, सीसीटीव्ही अशी कामं करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोली, पूर्व भाग असं फिरणं असतं, त्यामुळं दोन्ही गोष्टी विकायला मला काही वाईट वाटत नाही, उलट पोट त्याच्यावरच आहे. तरी लिहितोय कारण व्यापाऱ्यांच्या बैठकांमधे आजकाल 'डिजिटल व्हा' एवढंच ऐकू येतं, आणि त्याच्या पुढं कोण बोलत नाही.

आधी फोनचं बोलू. आपल्याकडच्या शाळेच्या युनिफॉर्मच्या धंद्यात कार्डावर जो फॅक्टरीचा नंबर छापलेला असतो त्याच्यावर फारसं कोण फोन करत नाही. हैदराबादची पार्टी, हुबळीचा दुकानदार, विजयवाड्याचा होलसेलवाला, सगळे थेट माणसाला फोन करतात, म्हणजे इतकी वर्षं जो ऑर्डर घेतो, माल पाठवतो, थकबाकी मागतो त्या सेल्सच्या माणसाच्या मोबाईलवर. सिम त्याच्या आधारवर, व्हॉट्सॲप त्याचं, सगळ्या पार्ट्यांच्या साइजा, चेक्सच्या कापडाचे फोटो, "मागच्या वेळचंच पाठवा" असले सगळे मेसेज त्याच्याच हँडसेटमधे. मग एक दिवस तो माणूस दुसरीकडं जातो किंवा स्वतःच चार मशिनी टाकून बसतो, आणि मालक गावभर सांगत फिरतो की माणूस फुटला, माझ्या पार्ट्या फोडल्या. अहो मालक, त्यानं काय फोडलं, पार्ट्या त्याच नंबरला फोन करतायत ज्याला कालपर्यंत करत होत्या, नंबर तुमचा कधी होता?

इंटरनेट फोनचा खरा उपयोग इथं आहे. नंबर कुठल्या एका सिममधे किंवा एका तारेला बांधलेला नसतो, तो कंपनीच्या खात्यात असतो, आणि तो टेबलावरच्या फोनवर, मोबाईलमधल्या ॲपवर, लॅपटॉपवर, कुठंही वाजवता येतो. प्रत्येक माणसाला एक एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसातला आतला छोटा नंबर. माणूस गेला की एक्स्टेन्शन बंद, नंबर जागच्या जागी, उद्यापासून दुसरा माणूस त्याच नंबरवर बोलतो. पार्टीला फक्त आवाज बदललेला कळतो. त्यावर पार्टी चार दिवस कुरकुर करेल, पण फोन तुमच्याकडंच येईल.

विकणारे मात्र हे सांगत नाहीत, ते सांगतात "कॉल फ्री". हे आमिष जुन्या काळातलं आहे. १९९५ ला व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीनं इंटरनेट फोनचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा, किंवा २००३ ला स्काइप आलं तेव्हा फुकट बोलणं ही मोठी गोष्ट होती, कारण आपण इथं एसटीडी बूथमधे काचेच्या पेटीत उभं राहून मीटरकडं बघत बघत बोलत होतो. भारतात एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली ती पण अर्धवट, कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, परदेशातल्या फोनला बोला, पण देशातल्या साध्या फोनला लावायचा नाही. ते कोडं सुटायला जून २०१८ उजाडलं, तेव्हा सरकारनं लायसन्सच्या अटीत बदल केला आणि लगेच बीएसएनएलनं 'विंग्ज' नावाची सेवा वर्षाला १०९९ रुपयांत काढली. पण तोवर सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलेलं होतं आणि देशात बोलण्याला पैसे पडतात ही गोष्टच लोक विसरले होते. म्हणजे जो फायदा सांगून हे फोन जगभर विकले गेले तो आपल्याकडं पोचेपर्यंत शिळा झाला. आज जो 'फ्री कॉल' सांगून इंटरनेट फोन विकतो त्याला एक तर धंदा कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतंय.

सोलापूरपुरता एक फायदा अजून आहे जो पुण्या-मुंबईच्या कंपनीला सुचणारच नाही. आपल्याकडं ऑफिसात बसलेली बाई तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही बोलते, शेजारचा कटिंग मास्टर कन्नड बोलतो, आणि याचं आपल्याला काहीच वाटत नाही. इंटरनेट फोनच्या सिस्टीममधे कोणत्या नंबरवरून फोन आला ते बघून तो कुणाकडं वाजवायचा हे ठरवता येतं. हैदराबादच्या कोडवरून आलेला फोन थेट तेलुगू बोलणाऱ्या बाईच्या टेबलावर, हुबळी-धारवाडचा कन्नडवाल्याकडं, आणि जुन्या पार्ट्यांचे मोबाईल नंबर यादीत टाकून ठेवले की त्यांचंही तसंच. ह्याच्यासाठी "मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा" असली टेप लावायची गरज नाही. आठ माणसांच्या ऑफिसला ती टेप लावणं म्हणजे निव्वळ थाट आहे. समोरचा दुकानदार गल्ल्यावर उभा राहून गिऱ्हाईक सांभाळत फोन लावतोय, तो टेप ऐकत बसणार नाही, तो कट करून दुसऱ्या फॅक्टरीला लावणार.

आता आवाजाचं. "नेटवरचा फोन नीट ऐकू येत नाही" ही तक्रार खरी आहे, पण कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. साधा एक कॉल जुन्या पद्धतीच्या चांगल्या आवाजात चालवला तरी एका दिशेला शंभर केबीपीएसपेक्षा कमी लागतो. दहा माणसं एकदम बोलली तरी एक एमबीपीएसच्या, म्हणजे हजार केबीपीएसच्या आसपास. म्हणजे तुमचं शंभर एमबीपीएसचं कनेक्शन आहे का दोनशेचं, ह्याचा संबंध जवळजवळ नाही. आवाजाला लागतो तो नेमाने येणारा डेटा. तोंडातून शब्द निघाल्यापासून समोरच्या कानात पोचेपर्यंत दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावं असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, त्याच्या फार पुढं गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, मग "हॅलो, हॅलो, बोला, नाही तुम्ही बोला".

एका युनिफॉर्मच्या फॅक्टरीत रोज दुपारनंतर असंच व्हायचं. राउटर कपाटाच्या वर, त्याच्यावर सॅम्पलच्या कापडाचे तागे, फायबरची पिवळी वायर कपाटाच्या दारात दबून दुमडलेली. एवढं सगळं नीट केलं तरी फोन तुटकच. मग बघितलं तर नवीन लावलेले सीसीटीव्ही कॅमेरे सगळं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होते, आणि दुपारी शिलाई विभाग सुरू असताना हालचाल जास्त म्हणून अपलोडही जास्त. राउटरमधे फोनला पहिला मान दिला, कॅमेऱ्याला मागं टाकलं, पाच मिनिटाचं काम, फोन नीट. तुमच्या मोबाईलवरचं ४जी बोलणं सुद्धा असंच तुकडे होऊन डेटातूनच जातं, फक्त तिथं कंपनी आवाजाला आधी जाऊ देते म्हणून तुम्हाला कळत नाही. ऑफिसात ती शिस्त आपल्याला लावावी लागते, आणि नवीन सिस्टीम विकणारा माणूस राउटरकडं बघतच नाही, तो फोन टेबलावर ठेवून फोटो काढून जातो.

लाईटचं मात्र खरंच दुखणं आहे. जुन्या लँडलाइनला करंट एक्स्चेंजमधून तारेतूनच यायचा, घरची लाईट गेली तरी डबडा फोन चालू. इंटरनेट फोनला राउटर पाहिजे, राउटरला लाईट पाहिजे. आणि आपला युनिफॉर्मचा सीझन येतो एप्रिल-मेमधे, नेमका वळवाचा पाऊस आणि वादळ सुटायच्या दिवसात. संध्याकाळी चार थेंब पडले की लाईट गेली, आणि जूनच्या शाळांसाठी ओरडणाऱ्या पार्ट्यांचे फोन बंद. ह्याला उपाय आहे, राउटरला आणि फायबरच्या डबीला छोटा यूपीएस लावा, आणि सिस्टीममधे अशी सोय करून ठेवा की ऑफिसचं नेट बंद झालं की कॉल आपोआप एका मोबाईलवर वळेल. नंबर क्लाउडमधे असल्यामुळं हे जमतं, तारेतल्या लँडलाइनला तार तुटली की संपलं. दोन कनेक्शन घेतली म्हणून निवांत राहू नका, आपल्या गल्लीत दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून लोंबकळतात आणि सोलापूर स्मार्ट सिटीच्या यादीत आल्यापासून खोदाईचं तर विचारूच नका, जेसीबीच्या बकेटला ही कंपनी ती कंपनी असं काही कळत नाही. दुसरं कनेक्शन घ्यायचंच तर सिमवर चालणारं घ्या.

कायद्याचंही जरा बघा. नंबर देणारी कंपनी लायसन्सवाली टेलिकॉम कंपनी आहे का किंवा अशा कंपनीकडून रीतसर घेतलेला नंबर आहे का हे विचारा, तुमची केवायसी न करता कोण "अनलिमिटेड लावून देतो" म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. परदेशातून आलेले कॉल डबड्यात सिम भरून लोकल कॉलसारखे दाखवायचा धंदा आहे, तो सरळ बेकायदा आहे, आणि पोलिस आले की ज्याच्या जागेत डबा सापडतो तो अडकतो. दुसरं म्हणजे नवीन सिस्टीम आली की काही मालकांना हुरूप येतो, शाळांची यादी आणून सकाळपासून फोन लावत सुटतात. प्रमोशनच्या कॉलला नोंदणी आणि १४० ची सिरीज, म्हणजे १४० नं सुरू होणारा नंबर लागतो. ऑगस्ट २०२४ मधे ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकानं सांगितलंय की नोंदणी न करता असे कॉल करणाऱ्याची सगळी कनेक्शनं तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. ज्या नंबरसाठी एवढा खटाटोप केला तोच घालवून बसाल.

आणि पासवर्ड. एक्स्टेन्शन १०१ ला पासवर्ड १०१ ठेवणारे महाभाग आपल्याकडं ढिगानं आहेत. इंटरनेटवर असल्या सिस्टीम शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात, सापडली की शनिवारी रात्री तिच्यातून परदेशी महागड्या नंबरांना कॉल सुरू होतात, सोमवारी बिल. इंटरनॅशनल कॉलिंग लागत नसेल तर कंपनीला सांगून बंदच करून टाका. टॉवेलच्या एक्स्पोर्टवाल्याला लागत असेल तर एका एक्स्टेन्शनलाच चालू ठेवा, वर लिमिट घाला.

हे सगळं वाचून एखादा म्हणेल, माझे घरातच दोन लूम आहेत, मी आणि माझा भाऊ, आम्हाला हे कशाला? बरोबर आहे, कशालाच नको. जिथं फोन उचलणारा एकच माणूस आहे आणि तोच मालक आहे तिथं मोबाईलसारखं दुसरं काही नाही. फोन उचलणारे दोन झाले आणि त्यातला एक पगारी असेल, की मग विचार करायचा. कॉल रेकॉर्डिंगचाही असाच विचार करायचा. "मी २६ साइज सांगितली होती, तुम्ही २४ पाठवली" ह्या भांडणात रेकॉर्डिंगनं मिनिटात निकाल लागतो, ठेवावं, पण ऑफिसातल्या माणसांना माहीत असलं पाहिजे की रेकॉर्ड होतंय. गुपचूप लावा म्हणणारे मालक मला भेटतात, मी लावत नाही. विश्वासच नसेल तर सिस्टीम काय करणार.

आता वेबसाइट. इथंही तेच दुखणं आहे, फक्त सेल्सच्या माणसाऐवजी 'आमच्या ओळखीचा पोरगा' असतो. पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, हुशार असतो, त्याच्या ईमेलवरून डोमेन घेतो, त्याच्या कार्डावरून होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं भाडं भरतो, साइट झकास करतो, आणि पुढच्या वर्षी हिंजवडीला नोकरी लागून निघून जातो. त्याची काहीच चूक नाही. दोन वर्षांनी डोमेनची मुदत संपते, रिन्यूचा मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जातो जो तो बघत नाही, आणि एक दिवस तुमच्या फॅक्टरीच्या नावाच्या साइटवर भलत्याच जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात कारण ते नाव कुणीतरी उचललं. डॉट इन डोमेन वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडतं. युनिफॉर्मच्या एका सॅम्पल सेटच्या कुरिअरला जेवढा विचार करतो तेवढा सुद्धा आपण ह्याचा करत नाही.

बरं, पोरगं नको म्हणून मोठ्या कंपनीच्या फुकट सोयीवर राहावं तर तिथं तरी काय खात्री आहे. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट एक पानाची वेबसाइट निघायची, आपल्याकडं कित्येक दुकानांनी काढल्या होत्या, व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापला होता, आणि मार्च २०२४ मधे गूगलनं त्या सगळ्या साइट बंद केल्या. स्काइप, ज्याच्यामुळं इंटरनेटवरून बोलणं घराघरात पोचलं, ते मे २०२५ मधे बंद. यात कुणी फसवलं असं नाही, त्यांची जागा, त्यांची मर्जी.

आणि नवीन टूल. विकणाऱ्याला सगळ्यात नवीन टूलमधे काम करायचं असतं, कारण त्याच्या बायोडेटावर ते चांगलं दिसतं. अँग्युलरजेएस नावाचं वेबसाइट बांधायचं टूल २०१० ला आलं तेव्हा प्रत्येकाला त्याच्यातच काम करायचं होतं, डिसेंबर २०२१ अखेर गूगलनंच त्याचा सपोर्ट थांबवला. फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे हलणारी-उडणारी साइट करून घेतलेल्यांचं २०२० च्या अखेरीस काय झालं ते विचारा. उलट वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर चालतात, आणि सोलापुरात कुठल्याही पेठेत त्याच्यात हात घालू शकेल असा माणूस सापडतो. नव्वदच्या दशकातलं साधं एचटीएमएलचं पान आजच्या मोबाईलवर सुद्धा उघडतं. टूल निवडताना मी एकच बघतो, की हे बिघडल्यावर नवी पेठेतून संध्याकाळपर्यंत कोण येऊन दुरुस्त करेल का. नाही तर नको.

एआयवाल्या नव्या टूलबद्दल माझं मत मात्र जरा वेगळं आहे, कारण इथं खरंच काहीतरी बदललंय. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांत अशी टूल आली की तुम्ही साध्या भाषेत सांगा, कॅटलॉगचं पान तयार. त्याला 'वाइब कोडिंग' असं नाव पण पडलं. मला हे छोट्या फॅक्टरीसाठी चांगलं वाटतं, कारण पान बनवायची मजुरी उतरली म्हणजे जे खरं महाग आहे त्याच्याकडं पैसा आणि लक्ष वळवता येईल. शर्टिंगचा चेक्स फोटोत खरा दिसतोय का, नेव्ही ब्लू काळा दिसतोय का, साइज चार्टमधे छाती-उंची इंचात नीट आहे का, टॉवेलचं जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) लिहिलंय का, साइज इंचात आहे का सेंटीमीटरमधे, किती नगाच्या खाली ऑर्डर घेत नाही, ह्या गोष्टी कुठलंच टूल बनवून देत नाही, त्या तुमच्या ऑफिसातल्याच माणसाला बसून लिहाव्या लागतात. आणि तेच पान तेलुगूत, कन्नडमधे, तमिळमधे करणं आता एका संध्याकाळचं काम आहे, फक्त छापायच्या आधी त्या तेलुगू बोलणाऱ्या बाईला एकदा वाचायला द्या, मशीननं 'बाही'चं काय केलंय ते तीच सांगेल.

पण अशा टूलच्या हातात चालू ऑर्डरींचा हिशेब, पार्ट्यांची उधारी असला डेटा द्यायचा नाही. जुलै २०२५ मधे रेप्लिट नावाच्या टूलच्या एआयनं एका अमेरिकन उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला, तेही "आता काही बदलू नको" असं सांगून ठेवलेलं असताना, आणि कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. तिथं माफी तरी मिळाली. आपल्याकडं उधारीची यादी पुसली गेली तर पार्टी उलट पेढे वाटेल.

ऑनलाइन पेमेंट, कार्ट, चेकआउट हे सगळं होलसेलवाल्यांनी सोडून द्या असं माझं स्पष्ट मत आहे. होलसेलचा रेट बोलण्यावर ठरतो, मालावर ठरतो, मागच्या थकबाकीवर ठरतो, तो बटणावर छापता येत नाही. चादरीचं रिटेल करणाऱ्याला मात्र स्वतःची दुकानवाली साइट पाहिजे, कारण 'सोलापुरी' म्हणून बाहेरच्या चादरी सगळ्या देशात विकल्या जातात, आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळून एवढी वर्षं झाली तरी गिऱ्हाईकाला खरी कुठून घ्यायची ते कळत नाही. त्याला निदान एक खात्रीचा पत्ता सापडला पाहिजे. एक्स्पोर्टवाल्यांना साइटपेक्षाही त्या डोमेनवरचा ईमेल महत्त्वाचा, परदेशी खरेदीदार जीमेलवरून आलेल्या कोटेशनकडं संशयानं बघतो, आणि "आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथं पाठवा" असले खोटे मेल ज्या धंद्यात फिरतात तिथं तो संशय योग्यच आहे.

फोन आणि वेबसाइट आता एकमेकात मिसळायला लागलेत हेही खरं. वेबआरटीसी नावाचं तंत्र गूगलनं २०११ मधे खुलं केलं, २०२१ मधे ते अधिकृत मानक झालं, त्याच्यामुळं साइटवरचं बटण दाबून ब्राउझरमधूनच बोलता येतं, फोनच लागत नाही. डेमोला फार छान दिसतं. पण आपला दुकानदार ते बटण दाबणार नाही, तो व्हॉट्सॲप करणार, आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मग व्हॉट्सॲपच धंद्याच्या नंबरवर आणा की. बऱ्याच जणांना माहीत नाही, व्हॉट्सॲप बिझनेस ०२१७ च्या लँडलाइन नंबरवर सुद्धा चालू करता येतं, मेसेजऐवजी फोन येतो आणि त्या फोनवर कोड बोलून दाखवतात. फक्त त्या वेळेपुरती स्वागताची टेप बंद ठेवायची, नाहीतर तिकडून मशीन कोड बोलतंय आणि इकडून तुमची टेप "आपले स्वागत आहे" म्हणतेय, दोन मशीन एकमेकांशी बोलत बसतात आणि कोड कुणालाच मिळत नाही.

यात एक अडचण आहे ती मान्य केली पाहिजे. मोबाईल नंबर जानेवारी २०११ पासून देशभर पोर्ट होतो, कंपनी आवडली नाही तर नंबर घेऊन दुसरीकडं. लँडलाइनच्या नंबरला ती सोय आपल्याकडं मिळालेली नाही. म्हणजे क्लाउडवाल्या कंपनीकडून लँडलाइनसारखा नंबर घेतला आणि उद्या तिचं पटलं नाही तर नंबर तिथंच राहतो. हा माझ्याच मुद्द्यातला खड्डा आहे. म्हणून मी सांगतो की पार्ट्यांना द्यायचा मुख्य नंबर कंपनीच्या नावावर कॉर्पोरेट कनेक्शन म्हणून घेतलेला मोबाईल नंबर ठेवा आणि त्याचे कॉल क्लाउडवर वळवा, आणि व्हॉट्सॲपही त्याच्यावरच ठेवलं तर उत्तम. ०२१७ चा जुना नंबर लोकांच्या तोंडात बसलेला असेल तर तो तसाच चालू ठेवा. व्यापारी संघटनांनी स्मार्ट काहीतरी मागण्यापेक्षा लँडलाइनच्या पोर्टिंगची मागणी लावून धरली तर छोट्या धंद्याचं जास्त भलं होईल, पण त्याचं निवेदन कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही.

मेंटेनन्सच्या पैशाबद्दल मालकांनाच बोललं पाहिजे. शिलाई मशिनीच्या सर्व्हिसला, कॉम्प्रेसरला, जनरेटरला वर्षाचा करार करतात, बिनबोभाट पैसे देतात. फोन आणि साइटचं नाव काढलं की "एकदा केलंय की, आता कशाचे पैसे?" मग पोरं पुण्याला जातात त्यात नवल काय. इथल्या कॉलेजातून दरवर्षी एवढी पोरं बाहेर पडतात, त्यातल्या थोड्यांना जरी वीस-पंचवीस फॅक्टऱ्यांचं वर्षाचं काम मिळालं तर ती पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसला बसणार नाहीत. नवीन वेबसाइट एकदाच होते, रोजगार असतो तो ती सांभाळण्याच्या कामात, आणि ते काम इथल्याच माणसानं केलेलं बरं कारण त्याला सीझन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

संघटनांना खरंच काही करायचं असेल तर पुढच्या युनिफॉर्मच्या प्रदर्शनात स्टॉलच्या रांगेत एक टेबल टाका. टेबलावर एक लॅपटॉप आणि एक जाणता पोरगा. येणाऱ्या प्रत्येक कारखानदाराचं डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते, होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडं आहे, धंद्याचं सिम कुणाच्या आधारवर आहे, व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावलाय का, एवढं बघायचं आणि जे दुसऱ्याच्या नावावर आहे ते मालकाच्या नावावर करायला लावायचं. माणशी अर्धा तास पुरतो, सिमचं नाव बदलायला फार तर कंपनीच्या दुकानात एक चक्कर. फक्त मालकानं स्वतः यायचं, मॅनेजरला पाठवायचं नाही, कारण ओटीपी मालकाच्या फोनवर येणार आहे, आणि येत नसेल तर तो कुणाच्या फोनवर येतोय हे तिथल्या तिथं कळेल.